चिनीतून चुवाश: थेट की रशियनमार्गे?

चिनी कथा चुवाश भाषेत (रशियातल्या चुवाश लोकांच्या भाषेत) न्यायची तर दोन वाटा आहेत: थेट किंवा रशियनमधून. दुसरी सोपी वाटते, कारण मोठे कोश चिनी-रशियन आणि चुवाश-रशियन असेच आहेत, आणि व्होल्गाकाठच्या चुवाशियात बहुतेकांना रशियन येतं. रशियातल्या चीनविद्येचा पाया घालणारे निकिता बिचुरिन (१७७७-१८५३) याच भागात जन्मले, १८०८ ते १८२१ बीजिंगमध्ये राहिले, पण चिनी ग्रंथ त्यांनी रशियनमध्येच आणले.

बातमी किंवा यंत्राची माहितीपुस्तिका असेल तर खुशाल रशियनमार्गे जा. कथा-कविता असेल तर मात्र थेट करा, असं मी आग्रहानं सांगेन. या दोन भाषांचं कुळ वेगळं, लिपी वेगळी. तरी काही ठिकाणी त्या एकमेकींच्या जवळ आणि रशियनपासून लांब आहेत.

नात्यांचंच घ्या. चिनीत थोरला भाऊ ‘गग’, धाकटा ‘दीदी’. चुवाशमध्ये थोरला ‘पिच्चे’, आणि ‘माझा धाकटा भाऊ’ म्हणायला ‘शल्लम’ हा निराळाच शब्द. रशियनमध्ये दोघांना एकच ‘ब्रात’ पुरतो. मूळात स्पष्ट असलेलं वय मधल्या टप्प्यावर गळतं आणि चुवाश अनुवादकाला अंदाज बांधावा लागतो. लिंगाचं उलट होतं. चिनी वाक्यात कर्ता गाळला की माणूस बाई की पुरुष हे कळत नाही. चुवाशच्या ‘वल’मध्येही तो, ती, ते सगळे सामावतात. रशियन भूतकाळात मात्र आपल्या ‘आला-आली’सारखं ठरवावंच लागतं, आणि लेखकानं झाकून ठेवलेलं उघडं पडतं.

वाक्यरचनेतही तेच. ‘मी काल विकत घेतलेलं पुस्तक’ यात पुस्तकाचं वर्णन आधी आणि पुस्तक नंतर. चिनी आणि चुवाश दोन्हींत हाच क्रम. रशियन ते वर्णन सहसा ‘जे’ लावून मागे टाकते. मराठी माणसाला चुवाश वाक्य ओळखीचं वाटेल, कारण क्रियापद शेवटी येतं. चिनीत ते कर्माच्या आधी येतं, म्हणजे तिथे उलटापालट करावीच लागते.

थेट वाटेवरची खरी अडचण क्रियापदाची. चिनी क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही. चुवाशमध्ये ‘किल्दम’ म्हणजे मी आलो, ‘किल्दन’ म्हणजे तू आलास. चीनमधल्या तांग राजवटीच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) कवितेत नदीकडे कोण पाहतंय हे पुष्कळदा सांगितलेलंच नसतं. चुवाश अनुवादकाला बहुतेक वेळा ते ठरवावं लागतं. रशियन अनुवाद समोर ठेवला, तर त्या अनुवादकाचा निर्णय नकळत आपला होतो.

चिनी कच्ची असेल तर रशियन खर्डा घ्या, पण मूळ वाचणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि प्रत्येक भावंड, प्रत्येक गाळलेला कर्ता विचारून घ्या. विशेषनामं तेवढी रशियन वळणाचीच ठेवा: चुवाश वाचकाला बीजिंग ‘पेकिन’ म्हणूनच माहीत आहे.