पॅरामॅटाचे जुने निवडणूक निकाल शोधताय? मग हे बघाच

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्याच्या पार्लमेंटच्या साईटवर निवडणूक विश्लेषक अँटनी ग्रीन यांनी तयार केलेलं १८५६ ते २००७ च्या राज्य निवडणूक निकालांचं अर्काइव्ह आहे, एकदम फ्री, आणि काय मेहनत घेतलीये माणसाने! मतदारसंघ निवडला की उमेदवार, पक्ष, मतं सगळं समोर. मी सिडनीतला पॅरामॅटा मतदारसंघ उघडला आणि तासभर त्यातच अडकले, इतके जुने आकडे एवढे नीट लावलेले कुठे मिळतात सांगा. फक्त २००७ ला थांबतं हे खटकतं, कारण २०११ ला लिबरल पक्षाच्या जेफ ली यांनी ही सीट लेबर पक्षाकडून घेतली आणि २०२३ ला लेबरच्या डोना डेव्हिस यांनी परत मिळवली, म्हणजे खरी मजा पुढेच आहे, त्यासाठी तिथल्या इलेक्शन कमिशनची साईट बघावी लागते. तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार.