उजवा डोळा मिटला तेव्हा: यूएफसी ५ मधल्या दुखापतींविषयी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर माझ्यासमोर गुडघे, घोटे, खांदे आणि पाठी असतात. रात्री जेवणं आटोपली की धाकटा भाऊ कंट्रोलर हातात देतो आणि आम्ही दोघं यूएफसी ५ या ठोसे, किक आणि कुस्तीच्या लढतींच्या व्हिडिओ गेममध्ये एकमेकांना बडवतो. या खेळाबद्दल ग्राफिक्स, खेळाडूंची यादी, ऑनलाइन सामने यांवर भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यातल्या दुखापतींबद्दल लिहायचंय, कारण माझ्या मते या खेळाचा खरा जीव तिथंच आहे, आणि तो कळला नाही तर माणूस महिनोन्‌महिने नुसता बटणं दाबत हरत राहतो. मी तशीच हरले आहे.

आधी थोडक्यात. ईए स्पोर्ट्सचा हा खेळ ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एसवर आला. आधीचा यूएफसी ४ हा २०२०चा. या वेळी इंजिन, म्हणजे खेळ ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, बदलून फ्रॉस्टबाइट घेतलं आणि त्याबरोबर रिअल इम्पॅक्ट नावाची जखमांची नवी व्यवस्था आणली. चेहऱ्यावरच्या जखमांचे ६४ हजारांहून जास्त वेगवेगळे मेळ होऊ शकतात, असा कंपनीचा दावा आहे. रक्त इतकं आहे की अमेरिकेत याला १७ वर्षांवरच्यांसाठीचं रेटिंग मिळालं. मालिकेतल्या आधीच्या भागांना ते नव्हतं. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच खेळा, हे मी अगदी मनापासून सांगते.

पण आकडा महत्त्वाचा नाही. महत्त्वाचं हे की जखम नुसती दिसत नाही, ती खेळ बदलते.

एक लढत सांगते, म्हणजे कळेल. खेळात यूएफसीतले खरे खेळाडू निवडता येतात; मी वॅलेंटिना शेवचेन्को घेतली होती, भावाने अलेक्सा ग्रासो. पाच राउंडची लढत. शेवचेन्को डावखुरी उभी राहते, म्हणजे उजवा पाय आणि उजवा हात पुढे. पहिले दोन राउंड माझे होते. लांबून किक मारायच्या, तो जवळ आला की धरून खाली पाडायचं. भाऊ मात्र एकच काम चिकाटीनं करत होता: प्रत्येक वेळी मागे सरताना डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा. प्रत्येक हुक माझ्या उजव्या भुवईखाली. मी पडद्यावरच्या ताकद दाखवणाऱ्या बारकडे बघत होते, डोक्याचा हेल्थ बार बराच भरलेला होता, म्हणून मी निर्धास्त. तिसऱ्या राउंडच्या मध्यावर तो म्हणाला, "ताई, डोळा बघ तुझा."

बघितलं. उजव्या डोळ्याखालची सूज गालापर्यंत उतरली होती आणि पापणीची नुसती फट उरली होती. त्यानंतर मी ब्लॉक धरला तरी त्या बाजूचे ठोसे पूर्वीसारखे अडेनात. डोळा सुजला की त्या बाजूचा बचाव कमजोर होतो, हा या खेळाचा नियम आहे, आणि तो मला त्या रात्री खऱ्या अर्थानं कळला. डोक्याचा बार ही एक गोष्ट आणि डोळ्याची जखम ही दुसरी. बार थोडा वेळ मार खाल्ला नाही की वर चढतो. सूज चढलेली राहते.

मी मग स्टान्स बदलला. डावी बाजू पुढे घेतली, उजवा डोळा मागे गेला. आणि सतत माझ्या डावीकडे सरकायला लागले, म्हणजे ग्रासोच्या डाव्या हुकपासून लांब. याची किंमत मोजावी लागली. शेवचेन्कोची सवयीची बाजू सुटल्यावर ठोशांतली धार गेली, आणि डावीकडे सरकणं म्हणजे ग्रासोच्या सरळ उजव्या हाताच्या वाटेत जाणं. पण तो हात मला दिसत होता. दिसणारा ठोसा खाणं आणि न दिसणारा खाणं यात फार फरक आहे, आणि त्या एका बदलात मला जो आनंद मिळाला तो आधीच्या कुठल्या नॉकआउटनं दिला नव्हता. अंगावर एक अडचण आली आणि त्या अडचणीतून खेळायची वेगळी रीत शोधावी लागली. माझ्या पेशंटना मी रोज हेच करायला लावते.

दुखापतींचं गणित मला समजलं ते असं. डोकं, धड आणि पाय यांची ताकद वेगवेगळी मोजली जाते. प्रत्येकाची एक तात्पुरती झीज असते, ती थोड्या वेळात भरून येते, आणि एक कायमची, जी साठत जाते आणि भरून येण्याची मर्यादाच खाली आणते. स्टॅमिनाचंही तसंच. हवेत मारलेला प्रत्येक ठोसा दम खातो, आणि धडावर मार बसत राहिला की दमाची टाकीच लहान होत जाते. म्हणून पहिल्या राउंडमधल्या पोटावरच्या किकचं फळ चौथ्या राउंडमध्ये मिळतं. नवा खेळाडू तिथं चुकतो. त्याला ठोसा लागल्याबरोबर काहीतरी घडलेलं हवं असतं. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचं एल२ बटण दाबून पोटावर मारायची सवय लावा, लगेच काही दिसलं नाही तरी.

नाक फुटलं की दम सावकाश भरतो. हे मला फार आवडलं, कारण ते शरीराला धरून आहे. नाकात रक्त साकळलं की तोंडानं श्वास घ्यावा लागतो, तोंड उघडं राहिलं की जबडा सैल राहतो, आणि सैल जबड्यावरचा ठोसा जास्त वाईट. खेळ एवढ्या खोलात जात नाही, पण माझ्या लढतीत नाक गेलं की मी लगेच घाई सोडते. दोन ठोशांवर थांबायचं, मागे यायचं, श्वास भरू द्यायचा. प्रत्यक्षात कॉर्नरमधली माणसं, म्हणजे खेळाडूचे प्रशिक्षक आणि मदतनीस, नाक शिंकरू नकोस म्हणून ओरडतात. डोळ्याच्या खोबणीचं पातळ हाड तडकलेलं असेल तर शिंकरल्यावर हवा त्या फटीतून डोळ्याभोवती शिरते आणि डोळा बघता बघता बंद होतो. असं काही खेळात आलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

पायांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

खेळात पाय खराब झाला की चाल मंदावते, लचकत चालणं दिसतं, आणि तसंच सोसत राहिलात तर पायावरच्या किकनंच लढत संपते. भाऊ सुरुवातीला लो किकना मोजायचाच नाही. तीन राउंड मी त्याच्या पुढच्या पायावर मारत राहायचे आणि चौथ्यात तो माझ्यापासून सटकूच शकायचा नाही. मग तो शिकला: खालचा ब्लॉक वेळेवर धरला की किक नडगीवर अडते, आणि दुखणं मारणाऱ्याकडे जातं. अडवलेली किक किती महाग पडू शकते हे सगळ्या जगानं २०१३च्या डिसेंबरमध्ये पाहिलं, अँडरसन सिल्वाची किक क्रिस वाइडमननं अडवली आणि सिल्वाचीच नडगी मोडली तेव्हा. आणि २०२१च्या एप्रिलमध्ये त्याच वाइडमनचा पाय तसाच मोडला, युराया हॉलला पहिलीच किक मारताना. मी ती दोन्ही दृश्यं एकेकदाच पाहिली आहेत. पुन्हा पाहणार नाही.

पण पोटरीवरची किक वेगळी. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला, एक नस (मज्जातंतू) हाडाला वळसा घालून जाते आणि तिच्यावर फारसं मांस नसतं. तुम्ही बोट फिरवलंत तर हाडाचा गोटा लागतो, त्याच्याच मानेशी ती असते. तिला नीट मार बसला की पाऊल वर उचलता येत नाही, घोटा लोळागोळा होतो. दुखतं म्हणून माणूस लंगडतो हे खरं, पण इथं पायाला हुकूमच पोचत नाही. जानेवारी २०२१ मध्ये डस्टिन पोरियेनं कॉनर मॅक्ग्रेगरचा पुढचा पाय पोटरीवर मारूनच निकामी केला आणि दुसऱ्या राउंडमध्ये ठोशांनी लढत संपवली. खेळात ही सगळी दुखापत 'पाय' या एकाच खात्यात जमा होते. मांडीवर मारलेलं आणि पोटरीवर मारलेलं यांचा परिणाम मला तरी वेगळा जाणवला नाही. पुढच्या भागात हे वेगळं करावं, ही माझी पहिली मागणी.

यकृतावरचा ठोसा मात्र सुरेख जमलाय. उजव्या बरगड्यांखाली डावा हुक किंवा किक नीट बसली की समोरचा क्षणभर उभा असतो आणि मग वाकतो. प्रत्यक्षातही तो क्षण असाच लांबतो. आधी काही नाही, मग अंगातली ताकदच ओसरते. त्या वेळी घाई करून डोक्यावर तुटून पडू नका. दोन्ही हात खाली गेलेले असतात हे खरं, पण तुमचाही दम बघा. मी दोनदा तिथंच दम घालवून जिंकलेली लढत हरले.

डोकं गरगरल्यावर काय करायचं, हेही अनुभवानं सांगते. मारायचं नाही. वर ब्लॉक, मागे पाऊल, डोकं हलतं ठेवायचं, आणि जमलं तर मिठी. इथं माझी दुसरी तक्रार. गरगरलेला खेळाडू काही सेकंदांत ताजातवाना होतो. मेंदूला बसलेला धक्का असा जात नाही. खऱ्या खेळात नॉकआउट झालेल्याला पुढे काही काळ लढायला आणि सरावात मार खायलाही बंदी असते. करिअर मोडमध्ये, म्हणजे एकाच खेळाडूची कारकीर्द खेळताना, तो थांबण्याचा काळ ठळकपणे अंगावर आला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता त्या लढतीचा शेवट. चौथ्या राउंडमध्ये भुवईही फाटली. रेफरीनं थांबवलं, डॉक्टर आले. ही या भागातली नवी गोष्ट. आधी जखम कितीही वाईट दिसली तरी खेळ चालू राहायचा. आता डॉक्टर तपासतात आणि जखम वाढली तर लढतच संपवतात. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नेट डियाझच्या डोळ्यावरच्या चिरेमुळे डॉक्टरांनी मास्विदालशी चाललेली लढत तिसऱ्या राउंडनंतर थांबवली होती, तेव्हा सगळं प्रेक्षागृह ओरडत होतं. मी त्या वेळीही डॉक्टरांच्या बाजूनं होते.

मला पुढे खेळू दिलं. मी हात उंच ठेवले, डावीकडे सरकत राहिले, गुणांवर पुढे आहे हे मला माहीत होतं. दीड-एक मिनिट निभावलं. मग पाडायला गेले, पकड निसटली, उठताना उजवी बाजू उघडी पडली आणि भावाचा हुक नेमका चिरेवर बसला. डॉक्टर पुन्हा आले. या वेळी त्यांनी मान हलवली.

भावाला वाटलं मी चिडेन. मी त्याला म्हटलं, बरोबर थांबवलं त्यांनी, एका डोळ्यानं अजून एक राउंड कुणी लढू नये. मग त्यानं विचारलं, पहिल्या राउंडपासून त्या डोळ्याकडे लक्ष ठेवलं असतंस तर? दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही त्याच दोघी खेळाडू घेऊन बसलो. या वेळी मी पहिल्या मिनिटापासून बार सोडून चेहरा बघत होते.