क्रॉस गेला होता, बिल लावलं हाउसिंगचं

बोलेरो, पिकअप, जुनी सुमो, म्हणजे इंजिनाची ताकद लांब शाफ्टमधून मागच्या चाकांना जाते अशी कुठलीही गाडी ज्यांच्या दारात आहे, त्यांनी हे वाचाच. आमच्या आप्पांकडून एका गॅरेजवाल्यानं 26 हजार रुपये उकळले आणि वर जीवही धोक्यात घातला.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, शेताची वाट नाल्यातून. पावसाळ्यात बोलेरोचं बूड पाण्यात जातं, क्रॉसमधलं, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेल्या अधिकच्या खुणेसारख्या सांध्यांमधलं, ग्रीस धुऊन निघतं. यंदा गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्क' असा आवाज येऊ लागला, रिव्हर्सला तर हमखास. हळू चालवताना चीं-चीं, आणि वेग वाढला की सीटखाली थरथर. आप्पा घरच्यांना घेऊन बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यानं लग्नाला निघाले होते. थरथर वाढली म्हणून वाटेत एका गॅरेजला थांबले.

तो माणूस गाडीखाली गेला नि लगेच बाहेर आला. "आप्पा, हाउसिंग गेलं. क्राउन-पिनियन बदलावं लागीन, नाहीतर रस्त्यात चाकं जाम होतीन." हाउसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा, आणि क्राउन-पिनियन म्हणजे त्यातली गिअरची जोडी. पुरावा म्हणून बोटावर काळं ऑइल दाखवलं, त्यात चंदेरी चकाकी. आता हे लक्षात घ्या: गिअरचे दात एकमेकांवर घासतात, त्यामुळे जुन्या ऑइलमध्ये बारीक चंदेरी पूड असतेच. लोखंडाचे तुकडे निघाले तर गोष्ट वेगळी. पण बायकापोरं गाडीत आणि लग्नाची वेळ जवळ आलेली, अशा माणसाला ती चकाकी पुरेशी होते. दुसऱ्या गाडीनं मंडळी लग्नाला गेली. परतीला गाडी तयार होती, फडक्यात गुंडाळलेलं झिजकं क्राउन दाखवायला ठेवलं होतं, आणि आवाजही बंद. आप्पांनी पैसे मोजले.

थोड्याच दिवसांत टक्क परत सुरू झालं. गाडी चोपड्याला आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. काकांनी पान्याला हातही लावला नाही. चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली, खाली गेले. एका हातानं हाउसिंगकडचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिथं बोल्टनं जोडतात ती चकती, धरला, दुसऱ्यानं शाफ्ट, आणि दोन्ही उलटसुलट पिळले. मला खाली बोलावून बघायला लावलं. फ्लँज जागेवर आणि शाफ्ट कटकट हलतोय. हाच क्रॉसचा प्ले, म्हणजे ढिलेपणा. शाफ्ट आणि फ्लँज मिळून एकत्र थोडे फिरले तर तो हाउसिंगमधला ढिलेपणा असतो, आणि तो जरासा असायचाच. पण क्रॉसच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या हलता कामा नयेत. हाताला जाणवेल इतका प्लेही चालत नाही. क्राउन-पिनियनचा आवाजच निराळा असतो, चालत्या गाडीत सलग हूंऽऽ असा, आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की तो बदलतो.

मग काकांनी टॉर्च हाउसिंगवर मारली. बोल्टांवर चिखल आणि ऑइलचा वर्षानुवर्षांचा थर, दगडासारखा वाळलेला, कुठंही पाना लागल्याची खूण नाही. दोन्ही बाजूचे एक्सल ओढल्याशिवाय क्राउन बाहेर येत नाही, आणि एक्सलच्या बोल्टांवरही तोच थर. म्हणजे हाउसिंग उघडलंच नव्हतं! क्रॉसवर मात्र ताजं ग्रीस आणि काळ्या रंगाचा फवारा. तेवढ्या ग्रीसनं आवाज दबला होता.

काकांनी खडूनं शाफ्ट आणि फ्लँजवर खूण केली, कारण शाफ्ट होता तसाच परत बसला नाही तर बॅलन्स बिघडतो. शाफ्ट उतरवला, क्रॉसच्या टोकांवरचे कप धरून ठेवणारे लॉक काढले, वाइसमध्ये दाबून कप बाहेर काढले. दोन कपांतल्या सुयांची, म्हणजे बेअरिंगच्या बारीक सळ्यांची, लाल भुकटी झालेली. क्रॉसच्या दांड्यावर सुयांनी कोरलेल्या रेघा होत्या, नख अडकत होतं. नवा क्रॉस घालताना कप हातोड्यानं ठोकून घालू देऊ नका. एखादी सुई आडवी पडली तर कप पुरता आत जात नाही आणि लॉक खाचेत बसत नाही. शेवटी चारही कपांतून बाहेर डोकावेपर्यंत ग्रीस भरलं. दोन्ही क्रॉस आणि मजुरी मिळून खर्च अडीच हजारांच्या आत.

पैशापेक्षा मला संताप दुसऱ्याच गोष्टीचा आहे. पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकतं. असा क्रॉस हातानं हलवून बघितलेल्या माणसानं त्यावर रंग मारला आणि लेकराबाळांनी भरलेली गाडी रात्रीची रस्त्यावर सोडली.

म्हणून हाउसिंग उघडायला होकार देण्याआधी प्ले हातानं हलवून दाखवायला सांगा. काम झाल्यावर खाली वाकून बोल्ट बघा, मोबाइलवर फोटो काढा. बदललेला जुना पार्ट घरी घेऊन या आणि पार्टच्या नावासकट पक्कं बिल मागा. आप्पांना मिळाली ती कच्ची चिठ्ठी, "हाउसिंग काम 26,000" एवढंच लिहिलेली. जुनं क्राउन मागायला गेलो तर "भंगारात गेलं" असं उत्तर.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. काकांनी जे बघितलं ते लिहून सही करून दिलंय, न उघडलेल्या बोल्टांचे फोटो आहेत. पैसे परत आले नाहीत तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. मुदत 2 वर्षांची असते आणि 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही. तुमच्याकडेही अशी कच्ची चिठ्ठी पडून असेल तर ती फेकू नका.