टेन्स यंत्र : पोळ्यापासून मेपर्यंतच्या वापराचा अनुभव

दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या सोंगणीत विळा निसटला आणि माझे डावे मनगट करंगळीच्या बाजूने खोल चिरले गेले. तुटलेली अल्नर नस नागपूरला शस्त्रक्रिया करून जोडण्यात आली, जखमही भरली, परंतु करंगळी आणि अनामिकेतील आग काही गेली नाही. पदर घासला तरी विस्तव ठेवल्यासारखे होई, आणि त्या हातातल्या बांगड्या उतरवाव्याच लागल्या. नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगाबॅलिन या रात्रीच्या गोळीने झोप लागत असे, पण सकाळी वावरात जाताना डोके जड राहायचे.

डॉक्टरांनी पेरिफेरल नर्व्ह स्टिम्युलेशनची माहिती दिली. त्यात दुखऱ्या नसेजवळ बारीक तार बसवून विजेची सौम्य स्पंदने देतात. काही तारा ६० दिवसांनी काढून घेतात, तर काही कायमच्या असतात. तो खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून त्यांनी आधी त्याच तत्त्वावर कातडीवरून चालणारे टेन्स यंत्र वापरून पाहण्यास सांगितले. गेल्या पोळ्यानंतर मी ते घेतले.

पहिला महिना वाया गेला. जिथे दुखते तिथेच पट्टी (यंत्राची वीज कातडीला देणारा चिकट तुकडा) लावा, असे दुकानदाराने सांगितले होते. तळहातावर पट्टी लावताच आग दुप्पट होई. यंत्र परत करायला निघाले होते, तेव्हा फिजिओथेरपिस्ट ताईंनी चूक दाखवली. पट्टी बधिर किंवा जळजळणाऱ्या कातडीवर नको. जखमेच्या वर, जिथे स्पर्श नीट कळतो तिथे, नसेच्या वाटेवर लावायची. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती याच नसेची. एक पट्टी कोपराच्या आतल्या खाचेजवळ, दुसरी व्रणाच्या चार बोटे वर लावून बटण हळूहळू वाढवले, आणि मुंग्या करंगळीच्या टोकापर्यंत पोहोचल्या तेव्हा खाली दडलेली आग पहिल्यांदा मागे सरली. मुंग्या ठसठशीत जाणवाव्यात, पण टोचू नयेत आणि बोटे आपोआप आखडू नयेत, हे माप मला त्या दिवशी समजले.

यामागचे कारण मेल्झॅक आणि वॉल या वेदनेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडले. मार लागल्यावर आपण ती जागा चोळतो, तेव्हा स्पर्शाच्या जाड तंतूंचा संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतो. १९६७ मध्ये वॉल आणि मेंदूचे शल्यचिकित्सक स्वीट यांनी नसांना प्रत्यक्ष वीज देऊन हे तपासले. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यातील नसेतही सुया घालून घेतल्या होत्या.

मला १०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १०० स्पंदनांवर, चाळीस मिनिटे पुरतात. आग दहापैकी आठवरून चारवर येते आणि यंत्र काढल्यावरही सुमारे दीड तास तशीच राहते. त्या दीड तासात मी कापूस वेचते. बोंडाच्या टोकदार पाकळ्या करंगळीला लागल्या तरी हात मागे घ्यावा लागत नाही. बधिरपणात मात्र तसूभर फरक नाही, कारण हे यंत्र नस दुरुस्त करत नाही. तीन महिन्यांनी गुणही उतरू लागला होता. रोज एकाच वारंवारतेची शरीराला सवय होते, असे ताईंनी सांगितले. तेव्हापासून एक दिवस १०० आणि एक दिवस ४ हर्ट्झ ठेवते.

यंत्र नऊ व्होल्टच्या सेलवर चालत असल्याने लोडशेडिंगची अडचण येत नाही. खरी अडचण पट्ट्यांची आहे. आमच्याकडच्या मे महिन्यात घामाने त्या सुटतात, काळ्या मातीची धूळ एकदा बसली की चिकटपणा जातो, आणि अर्धवट सुटलेली पट्टी एकाच कोपऱ्यात चटका देते. मी हात साबणाने धुऊन कोरडा करते आणि पट्ट्या प्लॅस्टिकच्या कागदावर लावून झाकणाच्या डब्यात, माठाशेजारी ठेवते. माझ्या यंत्राचे बटण तीनवरून चारवर जाताना एकदम उसळी घेते, हा त्याचा मोठा दोष. म्हणून पट्टी लावण्यापूर्वी आणि काढण्यापूर्वी ते शून्यावर आणावेच लागते.

जाऊबाईंनी हेच यंत्र कंबरेला महिनाभर लावले, त्यांना काहीच गुण आला नाही. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०१६ पासून कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असेच सांगितले आहे. माझा त्रास एका नसेचा आणि तिची वाट ठाऊक असलेला होता, म्हणून मला उपयोग झाला असे मी मानते. परवा शेजारच्या वहिनी सासऱ्यांच्या खांद्यासाठी यंत्र मागायला आल्या, तेव्हा सासऱ्यांना पेसमेकर बसवला आहे हे मला आठवले आणि मी ते दिले नाही. वहिनींना वाईट वाटले, पण पेसमेकर असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावायचे नसते, आणि गरोदर बाईच्या पोटावर किंवा कुणाच्याही गळ्यावर समोरून तर कधीच लावायचे नसते.