लिस्टमधून ऑब्जेक्ट काढताना: इंडेक्स की आयडी?

जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या अ‍ॅरेलिस्टमधला, म्हणजे क्रमवार यादीतला, एखादा ऑब्जेक्ट हवा असला की दोन वाटा असतात: त्याची जागा, म्हणजे इंडेक्स, सांगून गेट करायचं, नाहीतर त्याचा आयडी, म्हणजे ओळखक्रमांक, धरून शोधायचं. मी बरीच वर्षं पहिल्या वाटेने गेलो. आता शक्यतो दुसरीने जातो.

वेगात इंडेक्स सरस, यात वाद नाही. तो थेट जागेवर पोचतो. आयडीसाठी लिस्ट पहिल्यापासून चाळावी लागते. पण माझ्या लिस्ट दोन-चारशे ऑब्जेक्टच्या पुढे क्वचितच जातात, आणि तेवढ्यात मला तरी फरक कधी जाणवला नाही.

मला नडलं ते वेगळंच. विद्यार्थ्यांची यादी स्क्रीनवर नावांच्या क्रमाने लावली होती, मूळ लिस्ट मात्र प्रवेशाच्या क्रमाने होती. कुणीतरी चौथ्या ओळीवर क्लिक केलं, मी मूळ लिस्टकडे 3 नंबरचा इंडेक्स मागितला (मोजणी शून्यापासून असते) आणि पत्ता बदलला भलत्याच विद्यार्थ्याचा. ना एक्सेप्शन (चुकीचा इशारा), ना नल (रिकामी किंमत). इंडेक्स हद्दीबाहेर गेला असता तर प्रोग्राम तिथेच थांबला असता. हद्दीत राहून चुकला, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. मूळ कारण सापडायला मला दोन दिवस लागले. मधला एखादा ऑब्जेक्ट रिमूव्ह केला तरी हेच होतं: पुढचे सगळे एकेक घर मागे सरकतात आणि जपून ठेवलेला इंडेक्स शेजाऱ्याकडे बोट दाखवतो.

जावा 8 पासून, म्हणजे 2014 पासून, लिस्टच्या स्ट्रीमवर फिल्टर आणि फाइंडफर्स्ट लावून आयडीचा पहिला जुळणारा ऑब्जेक्ट शोधता येतो. कोड थोडा लांबतो, पण हाती ऑप्शनल येतो, म्हणजे ऑब्जेक्ट असलेली किंवा रिकामी डबी, आणि रिकामी असल्यास एक्सेप्शन फेकणारं ऑरएल्सथ्रो जोडलं की न सापडलेला ऑब्जेक्ट गुपचूप निसटत नाही. तोच शोध लूपमध्ये पुन्हा पुन्हा लागत असेल तर सरळ लिंक्डहॅशमॅप घ्यावा, त्यात आयडीवरून ऑब्जेक्ट थेट मिळतो. भर घातल्याचा क्रमही टिकतो.

जिथे जागेलाच अर्थ आहे, तिथे इंडेक्सच बरा. नुसता पहिला किंवा शेवटचा हवा असेल तर जावा 21 मध्ये गेटफर्स्ट, गेटलास्ट आहेतच.

आयडीच्या वाटेवरही एक खड्डा आहे. आयडी इंटिजर ऑब्जेक्ट असेल तर तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हाने (==) करू नका, इक्वल्सने करा; ते चिन्ह आकडा नव्हे, तर दोन्हीकडे तोच ऑब्जेक्ट आहे का, हे बघतं. -128 ते 127 पर्यंतच्या आकड्यांसाठी जावा कॅशमधून, म्हणजे तयार साठ्यातून, तोच ऑब्जेक्ट देते, म्हणून आयडी 5 ला सगळं सुरळीत चालतं आणि 500 सापडतच नाही. मीही त्यात पडलो होतो. पण ऑप्शनल रिकामा आला आणि चूक पाच मिनिटांत समोर दिसली.