मेरेनच्या डेकमध्ये मॉर्बिड ऑपॉर्च्युनिस्ट: आठ महिन्यांनंतर

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातला एक डाव. एकाच टर्नमध्ये, म्हणजे एका खेळाडूच्या पाळीत, टेबलावरची सात क्रीचर (लढणाऱ्या पात्रांची कार्डं) मेली आणि माझ्या हातात कार्ड आलं एक. फक्त एक. समोरच्यानं बोर्ड वाइप, म्हणजे टेबलावरची सगळी क्रीचर मारणारं कार्ड, खेळलं. त्यात इतर क्रीचर मेली की कार्ड देणारं माझं मॉर्बिड ऑपॉर्च्युनिस्ट गेलं, शिवाय माझी चार क्रीचर गेली, इतरांची तीन गेली, आणि मी एक कार्ड ओढून गप्प बसले. त्याच जागी आधीचं, माझं प्रत्येक क्रीचर मेलं की एक कार्ड देणारं मिडनाइट रीपर असतं तर माझी चार आणि ते स्वतः, अशी पाच कार्डं मिळाली असती. त्या रात्री घरी येऊन मी ऑपॉर्च्युनिस्ट स्लीव्हमधून (प्लॅस्टिकच्या पाकिटातून) काढलं आणि डब्यात टाकलं.

आज ते परत डेकमध्ये आहे आणि आता तिथून हलणार नाही. मधल्या काळात मत कसं फिरलं ते सविस्तर लिहिते, कारण जुन्या डेकमध्ये नवं कार्ड घालताना मी केलेली चूक बरेच जण करतात असं मला दिसतं.

मेरेन ऑफ क्लॅन नेल टोथ ही २०१५ च्या कमांडर डेकमधली; कमांडर म्हणजे प्रत्येकानं एक पुढारी-कार्ड घेऊन खेळायचा प्रकार, आणि माझी पुढारी मेरेन. माझं दुसरं क्रीचर मेलं की तिच्यामुळे एक एक्स्पिरियन्स काउंटर मिळतो, आणि माझ्या टर्नच्या शेवटी, एंड स्टेपला, ती ग्रेव्हयार्डमधलं (मेलेल्या कार्डांच्या ढिगातलं) एक क्रीचर परत आणते: काउंटर पुरेसे असतील तर थेट बोर्डवर, नाहीतर हातात. माझा डेक तेव्हापासूनचा आहे आणि त्याचा गाभा फारसा बदललेला नाही: साकुरा-ट्राइब एल्डर, स्पोअर फ्रॉग, व्हिसेरा सीअर, इटर्नल विटनेस, फ्लेशबॅग मरॉडर, ब्लड आर्टिस्ट. क्रीचर मरायची, एक्स्पिरियन्स काउंटर वाढवायचे, एंड स्टेपला काहीतरी परत आणायचं. अशा डेकमध्ये 'क्रीचर मेलं की कार्ड ओढा' असं लिहिलेलं प्रत्येक कार्ड वाचतानाच आवडून जातं. माझी फसगत तिथेच झाली.

मिडनाइट रीपर मी स्वतः काढलं होतं, तेही रागानं. त्याच्यामुळे कार्ड मिळतं तेव्हा १ डॅमेजही बसतो आणि त्यात 'हवं तर' असं काही नाही. कार्ड नको म्हटलं तरी डॅमेज चुकत नाही. चाळीस लाइफच्या खेळात एक-एक डॅमेज कोण मोजतं, असं मला वाटायचं. मग एका लांबलेल्या डावात मी ४ लाइफवर होते, बोर्ड वाइप आला, माझी टोकन नसलेली, म्हणजे खरी कार्डं असलेली, पाच क्रीचर एकदम गेली, आणि मला माझ्याच रीपरनं संपवलं. डाव मी जिंकत आणला होता. तो मी अजून विसरलेले नाही.

म्हणून ऑपॉर्च्युनिस्ट. त्याचीही किंमत ३ मनाच, म्हणजे मेरेनला ते थेट बोर्डवर आणायला तितकेच काउंटर लागतात. डॅमेज नाही. दुसऱ्या कार्डानं तयार केलेलं टोकन मेलेलं चालतं, दुसऱ्याचं क्रीचर मेलेलंही चालतं. सगळं माझ्या मनासारखं, फक्त शेवटची ओळ सोडून: ही अबिलिटी प्रत्येक टर्नमध्ये एकदाच ट्रिगर होते, म्हणजे लागू पडते.

या ओळीवर माझा जुना राग आहे. गेल्या काही वर्षांत ही ओळ कितीतरी कार्डांवर यायला लागली आहे. कार्ड वाचता वाचता मनात एक मोठा डाव उभा राहतो आणि शेवटच्या ओळीशी येऊन आपटतो. पूर्वीची कार्डं, क्रीचर मेलं की दोन कार्डं देणाऱ्या स्कलक्लँपसारखी, असा लगाम न लावता छापली जायची. स्कलक्लँप स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त अलीकडच्या सेटची कार्डं चालणाऱ्या प्रकारात, काही महिन्यांतच बॅन झालं, २००४ मध्ये, त्यामुळे लगाम का लागतो हे मला कळतं. तरी माझं मत तेव्हा पक्कं होतं की ज्या डेकचं पोटच मरणाऱ्या क्रीचरवर भरतं, त्याला 'एकदाच' हा शब्द परवडत नाही.

इथे चाचणीच्या पद्धतीबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कमांडरच्या डेकमध्ये प्रत्येक कार्ड एकच. पहिल्या सात कार्डांपासून आठव्या टर्नपर्यंत, जास्तीची कार्डं ओढली नाहीत तर, ९९ पैकी १५ कार्डं दिसतात. म्हणजे एक ठरावीक कार्ड दिसण्याची शक्यता साधारण १५ टक्के, दर सहा-सात डावांत एकदा. दोन आठवडे खेळून 'हे कार्ड चांगलं नाही' म्हणणाऱ्यानं ते बहुतेक एकदाच पाहिलेलं असतं. मीही तेच केलं होतं. दोनदा पाहिलं, दुसऱ्यांदा तो सात क्रीचरचा प्रसंग घडला, आणि निकाल दिला.

आता मी वेगळं करते. नवं कार्ड विकत घेण्याआधी कागदाच्या चिठ्ठीवर त्याचं नाव आणि मजकूर लिहून ती एखाद्या बेसिक लँडच्या (मना देणाऱ्या साध्या कार्डाच्या) पुढे स्लीव्हमध्ये सरकवते. पैसे नंतर. सोबत खेळणाऱ्यांना आधी सांगते. मैत्रीतल्या डावात त्यांची परवानगी घेऊन, पिसून झाल्यावर चिठ्ठीचं कार्ड वरच्या पंधरा कार्डांत मिसळते आणि ती पंधरा पुन्हा पिसते. म्हणजे ते हमखास दिसतं. जिंकण्या-हरण्याला त्या डावात अर्थ उरत नाही, पण एका महिन्यात जे कळतं त्याला एरवी वर्ष लागेल. काय काढून काय घातलं, किती टर्न बोर्डवर राहिलं, त्यानं नेमकं काय दिलं, एवढं वहीत लिहिते.

ऑपॉर्च्युनिस्टच्या वेळी ही शिस्त नव्हती, त्यामुळे ते सरळ मागवलं आणि तिथे दुसरा मनस्ताप झाला. साधं कार्ड मागवलं होतं, विक्रेत्यानं फॉइल, म्हणजे चकचकीत कार्ड, पाठवलं, वर 'तुम्हाला फायदाच झाला' असं ऐकवलं. मला फॉइल नकोच असतं. कागदाचा थर हवेतला ओलावा शोषतो, फुगतो, आकसतो, आणि वरचा चकचकीत थर तसा वागत नाही, म्हणून कार्ड वाकतं. तीन आठवड्यांत माझं कार्ड होडीसारखं झालं. दुहेरी स्लीव्ह घातली, जाड पुस्तकांखाली ठेवलं, थोडं सरळ झालं, पुन्हा वाकलं. डेक कापायला दिला की समोरच्याचा हात बरोबर त्याच कार्डाशी अडायचा. हे सौंदर्याचं दुखणं नाही. समोरची बाजू न बघता ओळखू येणारं कार्ड म्हणजे खूण केलेलं कार्ड, आणि स्पर्धेत ते चालत नाही. मी परत घ्या म्हटलं, तर उत्तर आलं की स्लीव्हमध्ये घातलेलं कार्ड परत घेत नाही. शेवटी साधं कार्ड दुसरीकडून घेतलं. एकाच कार्डाचे पैसे दोनदा गेले, आणि हे मला रीपरच्या त्या हरलेल्या डावाइतकंच लागलं. फॉइलचा आग्रह नसेल तर ऑर्डर देताना 'फॉइल नको' असं स्पष्ट लिहा, आणि तरी आलं तर स्लीव्हमध्ये घालण्याआधी परत पाठवा.

कार्ड डब्यात गेल्यावर दोन महिन्यांनी माझ्या धाकट्या भावानं ते उसनं घेतलं. त्याच्या डेकमध्ये ते माझ्यासमोर उतरलं आणि मला त्याचा त्रास व्हायला लागला. माझ्या टर्नला त्याचं एक कार्ड, तिसऱ्याच्या टर्नला एक, चौथ्याच्या टर्नला एक, मग त्याच्या स्वतःच्या टर्नला एक. डाव संपल्यावर मी म्हटलं, माझ्याकडे हे असं कधी चाललं नाही. तो म्हणाला, "ताई, तू सगळे बळी तुझ्याच टर्नला देतेस. त्यावर 'तुझ्या टर्नला' असं कुठे लिहिलंय?"

मजकूर मला पाठ होता. तरी माझ्या डोक्यात 'टर्न' म्हणजे माझा टर्न. चार जणांच्या डावात एका फेरीत चार टर्न असतात, म्हणजे लगाम एका कार्डाचा नाही, चार कार्डांचा आहे. आणि माझी सवय अशी की मेरेनच्या एंड स्टेपआधी व्हिसेरा सीअरकडे जे असेल ते सगळं बळी देऊन टाकायचं, काउंटर वाढवायचे आणि मग इतरांच्या टर्नला हात बांधून बसायचं. रीपरबरोबर ही सवय चालून जायची, कारण त्याला क्रीचर कधी मरतं याचं काही नव्हतं.

मग मी खेळ बदलला. सीअरकडे बळी कधीही देता येतो, तर माझ्या टर्नला एकच द्यायचा. साकुरा-ट्राइब एल्डर आल्या आल्या फोडायचं नाही. दुसऱ्याच्या हल्ल्यापुढे ब्लॉकर म्हणून उभं करायचं आणि डॅमेजच्या आधी सॅक्रिफाइस करून लँड शोधायची, वर एक कार्ड. स्पोअर फ्रॉग ज्याचा हल्ला सगळ्यांत मोठा त्याच्या टर्नसाठी राखायचा: हल्लाही वाया, कार्डही हातात, आणि माझ्या एंड स्टेपला तो पुन्हा बोर्डवर. शिवाय दोन प्रतिस्पर्धी आपसांत लढले आणि एखादं क्रीचर मेलं, तर मी काहीही न करता कार्ड ओढते. रीपरनं हे कधीच दिलं नसतं.

वहीतल्या नोंदी बघितल्या तर बदलानंतर ते जेव्हा पूर्ण फेरी टिकलं, तेव्हा बहुतेक वेळा दोन किंवा तीन कार्डं देऊन गेलं. बोर्ड वाइपच्या वेळी ते अजूनही एकच देतं, आणि त्या क्षणी मला अजूनही रीपर आठवतं. तेवढी उणीव आहे. पण मी एका क्षणावरून निकाल देत होते, आणि तो क्षण डावात फार तर एकदा येतो.

माझं क्रीचर मेलं की समोरच्यांचं लाइफ काढणाऱ्या बॅस्टियन ऑफ रिमेंबरन्सबद्दल थोडक्यात. २०२० पासून ते मी टाळत होते, कारण ते क्रीचर नाही, एन्चांटमेंट आहे, मेरेन त्याला परत आणू शकत नाही. हा विचार उलटा निघाला. माझा डेक हरतो तो ग्रेव्हयार्ड उडाल्यावर. कोणी ग्रेव्हयार्ड रिकामं करणारं बोजुका बॉग उतरवलं की मेरेन काही वेळ नुसती उभी असते. तेव्हा बॅस्टियनचंच काम करणारं क्रीचर, झुलापोर्ट कटथ्रोट, ग्रेव्हयार्डसकट गेलेलं असतं आणि बॅस्टियन बोर्डवर जागच्या जागी असतं. बोर्ड वाइपमध्ये दोघंही साधारण तेवढंच लाइफ काढतात, कारण एकदम मरणारी क्रीचर एकमेकांचं मरण पाहतात. फरक दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुढच्या टर्नला दिसतो. क्रीचर, एन्चांटमेंट, ग्रेव्हयार्ड सगळंच खेळाबाहेर काढू शकणाऱ्या फेअरवेलपुढे मात्र दोघांचाही निभाव लागत नाही. तिथे मी उपाय शोधणं सोडलं आहे.

ब्रेड्स, अराइझन नाइटमेअर अजून चिठ्ठीवरच आहे. माझ्या एंड स्टेपला तिला एखादा बळी देता येतो, आणि मग समोरच्यांनाही तसाच बळी द्यायचा की नाही ते ठरवावं लागतं. तिच्यासाठी ग्रेव्ह टायटन काढावं लागलं, ज्यानं मला अनेक डाव जिंकून दिले, त्यामुळे मी सुरुवातीला तिच्याशी न्यायानं वागले नाही. तक्रार अशी होती: ब्रेड्स आणि मेरेन दोघींचे ट्रिगर माझ्या एंड स्टेपच्या सुरुवातीलाच येतात, आणि मेरेनचं टार्गेट (परत आणायचं क्रीचर) तेव्हाच ठरवावं लागतं. म्हणजे ब्रेड्सला दिलेलं क्रीचर त्याच एंड स्टेपला परत आणता येत नाही. पण काउंटर किती आहेत हे मेरेन शेवटी, ट्रिगर रिझॉल्व्ह होताना, म्हणजे प्रत्यक्ष अमलात येताना, बघते. माझ्याकडे दोन काउंटर आहेत, ग्रेव्हयार्डमध्ये ऑपॉर्च्युनिस्ट आहे. मेरेनचा ट्रिगर खाली ठेवायचा, ब्रेड्सचा वर. ब्रेड्स आधी रिझॉल्व्ह होते, एल्डरचा बळी जातो, तिसरा काउंटर येतो, आणि एरवी हातात आलं असतं ते ऑपॉर्च्युनिस्ट थेट बोर्डवर येतं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. शिवाय समोरच्यांनी प्रत्येकी क्रीचर दिलं तर ब्लड आर्टिस्ट तीही मोजतं. नाही दिलं तर त्यांचे २ लाइफ आणि मला कार्ड.

तरी ग्रेव्ह टायटनची उणीव भासते. ब्रेड्सला रोज काहीतरी खायला लागतं, टायटन स्वतः खाऊ (झॉम्बी टोकन) घेऊन यायचं. डाव मागे पडलेला असताना ब्रेड्स उपयोगाची नाही, टायटन होतं. तिच्यासाठी आणखी दहा-बारा डाव देणार आहे. २०२५ मध्ये स्टँडर्डचेच सहा सेट आले. त्या वेगानं चाचणी करायला गेले तर कुठलंच कार्ड नीट कळणार नाही, म्हणून एका वेळी एकच चिठ्ठी, असं मी ठरवलं आहे. एकदा घाईत तीन नवी कार्डं एकदम घातली होती आणि जागा करायला ३७ पैकी एक लँड काढली. पुढच्या चार डावांत दोनदा तिसरी लँड वेळेवर आली नाही, आणि नव्या कार्डांबद्दल काहीच समजलं नाही. लँड परत घातली. नव्या कार्डाच्या बदल्यात लँड काढू नका, एवढं कळकळीनं सांगते.

आणि मिडनाइट रीपर वाया गेलेलं नाही. भावानं ऑपॉर्च्युनिस्ट परत केलं तेव्हा बदल्यात मी ते त्याला दिलं. त्याच्या डेकमध्ये जवळजवळ प्रत्येक टर्नला लाइफ वाढतं, तो चाळीसच्या खाली फारसा येतच नाही. गेल्या वेळी बोर्ड वाइपनंतर त्यानं सहा कार्डं ओढली आणि डॅमेजकडे बघितलंही नाही.