नवख्याने आधी काय खेळावं: हेलडायव्हर्स २ की डीप रॉक गॅलॅक्टिक?

मे महिन्यात जळगावात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा आम्ही चौघं हेडफोन लावून बसतो. दोन्ही गेम चौघांनी मिळून खेळायचे, पण नवख्यासाठी फरक मोठा आहे.

हेलडायव्हर्स २ मध्ये (२०२४) आपली गोळी आपल्याच माणसाला लागते आणि ते बंद करता येत नाही. मदत मागवायची तर बाणांची बटणं ठरलेल्या क्रमाने दाबायची, तीही किडे अंगावर धावून येत असताना. पहिला आठवडाभर ‘मांगे सरक भो!’ एवढंच ओरडत होतो. पण एकाने वाट अडवून धरली आणि दुसऱ्याने तेवढ्यात मेलेल्या गड्याला परत बोलावलं, की जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये मिळाला नाही.

डीप रॉक गॅलॅक्टिक (२०२०) नवख्याला सांभाळून घेतो. एकटे खेळलात तर बॉस्को नावाचा ड्रोन सोबत लढतो, पडलात तर उठवतो. फक्त होस्टची, म्हणजे ज्याच्या मशीनवर खेळ चालतो त्याची, वीज गेली की सगळ्यांची मोहीम तिथेच संपते, म्हणून इन्व्हर्टर असेल त्यालाच होस्ट करा.

मी तर सांगेन, आधी डीप रॉक, हॅझर्ड २ या सोप्या पातळीवर. हेलडायव्हर्स महिनाभराने.